अहो, ऐकलंत का? झूमला भाव आलाय!

बसा, सांगते. पण आवाज जरा खाली ठेवा, कारण हे प्रकरण चांगल्या घरांतलं आहे. शिकलेली माणसं आहेत, पगारदार आहेत, काहींची मुलं दहावीला आहेत.

तर ही माणसं दीड-दोन लाखांचा मिररलेस कॅमेरा घेतात. त्या कॅमेऱ्याला माणसाचा डोळा ओळखता येतो, कुत्र्याचा येतो, उडत्या बगळ्याचासुद्धा येतो. नवरी मान वळवून हसायच्या आत तो फोकस करून मोकळा! आणि असा कॅमेरा घरी आणल्यावर ही माणसं करतात काय? त्याची स्वतःची लेन्स काढून कपाटात ठेवतात आणि तिच्या जागी पन्नास वर्षांपूर्वीची, पाऊण किलोहून जड, रबर पांढरं पडलेली झूम लेन्स बसवतात. फोकस हाताने. ॲपर्चर हाताने. झूम तर हातानेच. आपल्या तोंडाशी काय बसलंय याचा कॅमेऱ्याला पत्ता नसतो. मेनूत खोल शिरून 'लेन्स नसली तरी शटर उडू दे' अशी परवानगी द्यावी लागते, तेव्हा कुठे तो फोटो काढतो. नंतर फोटोची माहिती उघडून पाहावी, तर लेन्सचं नाव कोरं, फोकल लेंग्थ शून्य, ॲपर्चरच्या जागी दोन आडव्या रेघा. एकत्र राहतायत, सगळ्यांना दिसतायत, आणि नोंद कुठेच नाही!

माझे धाकटे दीर यातलेच. सख्खे. म्हणून मला सगळं आतलं ठाऊक आहे, आणि जे भाऊजी सांगत नाहीत ते जाऊबाई सांगतात.

हे सगळं झालं आरशापायी. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा खालीवर व्हायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून चार-साडेचार सेंटिमीटर लांब बसायची. निकॉनची 46.5 मिलिमीटरवर, मिनोल्टाची 43.5 वर. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला. सोनीत हे अंतर उरलं 18 मिलिमीटर, निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांत 16. मग मधल्या मोकळ्या जागेत एक पोकळ नळी बसवली की कुठलीही जुनी लेन्स कुठल्याही नव्या कॅमेऱ्यावर चढते. निकॉनची लेन्स सोनीवर लावायची तर नळी 28.5 मिलिमीटरची. तिला अडॅप्टर म्हणायचं. आत काच नाही, तार नाही, काही नाही. दोन बाजूंना धातूची कडी आणि मध्ये हवा. ती हवा लोक हौसेने विकत घेतात. 2008 साली पॅनासॉनिकचा पहिला मिररलेस आला तेव्हाच काही चलाख लोकांनी ही वाट हेरली होती. 2013 मध्ये सोनीचा ए7 आला, फिल्मच्या फ्रेमएवढाच सेन्सर घेऊन, आणि मग कुणी कुणाला आवरलं नाही.

कॅननच्या घरातलं तर ऐकण्यासारखं आहे. 1987 साली त्यांनी ईओएस कॅमेरे काढले आणि त्याबरोबर माउंट, म्हणजे लेन्स जिथे अडकते ती जागाच, बदलून टाकलं. नव्या माउंटचं अंतर 44 मिलिमीटर आणि जुन्या एफडी लेन्सना हवं 42. दोन मिलिमीटरांचा प्रश्न! पण लेन्स जितकी जवळ बसायला हवी तितकी बसेना, आणि मध्ये काच घातल्याशिवाय लांबच्या डोंगरावर फोकस होईना. कपाटाकपाटातल्या एफडी लेन्स एका फटक्यात बिनकामाच्या झाल्या. वीस-पंचवीस वर्षं त्यांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आरसा गेला, आणि त्याच बायका आता नाक वर करून परत आल्यात!

पण खरी भानगड ही नव्हे. जुन्या लेन्स लावणारे आधीही होते, नाही असं नाही. पण ते लावायचे प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स. रशियन हेलिऑस, जपानी टाकुमार. त्यात एक खानदानीपणा मानला जायचा. त्या मंडळींसमोर झूमचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्या सासऱ्यांच्या वेळच्या फोटोवाल्यांत झूम म्हणजे आळशी माणसाची सोय. "देवाने पाय दिलेत ना? मग दोन पावलं पुढे जा!" थोर फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ जन्मभर बहुतेक काम 50 मिलिमीटरवर करत राहिला, हे सांगून नवशिक्याची झूम काढून घ्यायची पद्धत होती. आणि आज? त्याच झूमला, त्याच नळकांड्याला, पुढे-मागे ओढायच्या त्याच लाडावलेल्या वस्तूला लोक साधना म्हणतायत! ज्या गोष्टीपायी काल माणूस आळशी ठरायचा, तीच खांद्याला लटकवून आज तो कष्टाळू ठरतो. ऑटोफोकसवाल्यांकडे असा काही बघतो की बघणाऱ्यालाच आपलं बोट शटरवर ठेवायची लाज वाटावी.

बरं, झूमचं नाव उगाच खराब झालं नव्हतं. स्थिर छायाचित्रणाच्या 35 मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी, काढता-घालता येणारी पहिली झूम आली 1959 साली. फॉइग्टलेंडरची झूमार, 36 ते 82 मिलिमीटर, ॲपर्चर 2.8. ती आखली डॉ. फ्रँक बॅक यांनी. गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे, कर्तृत्व न्यूयॉर्कचं. त्याआधी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी झूम बनवून त्यांनी नाव कमावलं होतं. एका लेन्समध्ये चौदा काचा, आणि समोरची काच एवढी थोरली की तिला 95 मिलिमीटरचा फिल्टर लागायचा. तिचं कौतुक झालं, पण ती घरोघरी गेली नाही.

घरोघरी गेली ती निकॉनची 43-86, 1963 सालची. आकडे बघा: 43 ते 86, बरोब्बर दुप्पट, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. लहान, आटोपशीर, परवडणारी, म्हणून धो धो खपली. आणि खपली तेवढीच बदनाम झाली. एका टोकाला सरळ भिंतींना पोट सुटायचं, दुसऱ्या टोकाला त्याच भिंती आत ओढल्या जायच्या. कडा मऊ. समोरून उजेड आला की अख्ख्या चित्रावर धुकं. पुढे निकॉनने तिची आतली मांडणी बदलून तिला सुधारलंही, पण नाव पडलं ते पडलं. आता सांगते, कानात सांगते: आमच्या भाऊजींना 43-86 हवी आहे, आणि ती सुधारलेली नको. आधीची हवी. बदनाम असलेलीच हवी!

सिनेमाने तर हातभारच लावला. सत्तरच्या दशकातला हिंदी सिनेमा आठवा. खलनायक वळला की त्याच्या डोळ्यांवर धाडकन झूम. आईने मुलाला ओळखलं की धाडकन झूम. पाठोपाठ त्याच डोळ्यांवर तीनदा धाडकन झूम. आता सगळेच काही असे नव्हते. 1975 च्या 'बॅरी लिंडन'मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने झूम इतकी हळू मागे घेतलीय की चेहऱ्यावरून निघून आपण अख्ख्या माळरानावर कधी पोचलो ते समजत नाही. पण कुब्रिकचं उदाहरण देऊन भाऊजी आपल्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगवर झूम करतात, तेव्हा समोरच्या वहिनींनी पडदा लावून घेतला तर त्यांचं काय चुकलं?

असो. भाऊजींनी शेवटी घरी आणली ती विव्हिटार सिरीज 1, 70-210, ॲपर्चर 3.5, सत्तरच्या दशकातली. आता हिचं कुळ काढूया, कारण या मंडळींत कुळाशिवाय पान हलत नाही. विव्हिटार हे नाव अमेरिकेतलं. मॅक्स पाँडर आणि जॉन बेस्ट हे दोघे जर्मनीतून कॅलिफोर्नियात गेलेले. 1938 साली त्यांनी पाँडर अँड बेस्ट नावाची पेढी काढली, तिचं हे पुढचं नाव. आणि गंमत अशी की लेन्स बनवायचा यांचा स्वतःचा कारखानाच नव्हता! लेन्स बनवून घ्यायच्या जपानमधल्या कारखान्यांकडून आणि वर नाव घालायचं आपलं. कुणाकडून बनवली हे लेन्सवर सरळ लिहायचं नाही. पण नंबरात लिहून ठेवायचं!

समोरच्या काचेभोवतीच्या कड्यावर जो नंबर असतो, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे कारखाना. 22 असेल तर किनो प्रिसिजन, जे पुढे किरॉन या नावाने स्वतःच्या लेन्स विकू लागले. 37 असेल तर टोकिना. 28 असेल तर कोमिने. त्यापुढचा एक आकडा वर्षाचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे 22735 ने सुरू होणारा नंबर असेल तर ही किनोच्या घरची, 1977 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातली. एवढ्या खोलात आमच्या पत्रिका जुळवताना गुरुजीही शिरले नव्हते.

पार्सल आलं त्या रात्रीचं जाऊबाईंनी सांगितलं ते असं. जेवणं झाल्यावर भाऊजी टेबललॅम्प आणि पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग घेऊन बसले. पहिला आकडा दोन, स्वच्छ दिसत होता. दुसऱ्यावर काळा मळ. नखाने काढवेना, ओरखडा पडेल. मग आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, त्यावर चष्मा पुसायच्या पाण्याचा थेंब टाकून, श्वास रोखून ते तो आकडा घासत होते. जाऊबाई पाण्याचे तांबे भरून आल्या, अंथरुणं घालून आल्या, तरी घासणं चालू. आणि मग "बावीस! बावीस!" असे ओरडले की धाकटं पोर दचकून उठलं आणि शाळेत पाढे विचारतायत असं समजून पुढे "चव्वेचाळीस" म्हणालं.

आणि या कुळांत आपापसात काय चालतं म्हणून सांगू! 22 वाले म्हणतात, अस्सल आम्हीच, पहिल्या आम्हीच. 37 वाले म्हणतात, असाल, पण तुम्हाला 67 मिलिमीटरचा फिल्टर लागतो, आमचं 62 वर भागतं. 28 वाले दोघांना ऐकवतात की आमचं ॲपर्चर 70 च्या टोकाला 2.8 पर्यंत उघडतं, तुमचं 3.5 वर अडतं. यावर 22 वाले विचारतात की तुमचं 210 ला जाईस्तोवर 4 होतं त्याचं काय. नाव सगळ्यांचं एक, आकडे 70-210 एक, आणि एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाहीत.

मग पुतणीच्या हळदीला ही लेन्स चारचौघांत आली.

भाऊजी पाच मीटरवर उभे, खांब धरून. नव्या कॅमेऱ्यांत फोकस पीकिंग नावाची सोय असते. चित्रात जे स्पष्ट आहे त्याच्या कडांना कॅमेरा लाल रंग देतो. मी मागून डोकावत होते. रिंग फिरतेय आणि लाल रेघा पुतणीच्या पापण्यांवरून कानातल्या झुब्यावर, तिथून मागे उभ्या असलेल्या मावशींच्या नथीवर, तिथून भिंतीवरच्या गणपतीवर. परत उलट्या. परत सुलट्या. हिशेब सांगते: पाच मीटरवरच्या माणसाला 210 वर, पूर्ण उघड्या ॲपर्चरने धरलं, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम बारा सेंटिमीटर जाडीचा. नाकापासून कानापर्यंत, बस्स. हळद लावून घेणारी पोरगी बारा सेंटिमीटरांत बसते होय? तिला गुदगुल्या होतायत, ती मागे सरतेय, पाच सुवासिनी एकदम तिच्यावर वाकल्यात. "आत्या, तशाच थांबा, एक मिनिट!" आत्याबाईंचा हात हळदीसकट हवेत. बोटांवरून ओघळ मनगटाकडे निघाला. पीकिंग नथीवर. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

त्यात हात हलला तर सांभाळून घेणारी यंत्रणा. ती कॅमेऱ्यातच असते, सेन्सरला इवलं इवलं हलवून हाताचा कंप खोडून काढते. पण किती हलवायचं हे ठरतं लेन्स किती मिलिमीटरची आहे यावर, आणि ही लेन्स तर मुकी, काही सांगत नाही. म्हणून तो आकडा आपण मेनूत जाऊन भरायचा. प्राइम लेन्स असली तर एकदा 50 लिहिलं की संपलं. झूमचं काय? 70 वर आहात, 70 भरा. 210 वर गेलात, परत मेनूत जा, 210 भरा. मधे 135 वर थांबलात तर 135. आणि 210 लिहून ठेवून 70 वर आलात तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते आणि नसलेला कंप तीच चित्रात आणून ठेवते! भाऊजी मेनूत असताना हळद संपली, नाव घेऊन झालं, नवरीला न्हाणीघरात नेलं. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर रिकामा पाट होता. त्याचा मात्र फोटो अप्रतिम आलाय. खोटं कशाला बोलू.

यावर कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं: "वहिनी, या लेन्सला कॅरेक्टर आहे." कॅरेक्टर म्हणजे काय, तर ज्या ज्या खोडी काढून टाकण्यासाठी इंजिनियरांनी पन्नास वर्षं डोकेफोड केली त्या सगळ्या. पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळी किनार. कोपरे अंधुक. आणि सगळ्यांत लाडका तो फ्लेअर. याचा हिशेब तर शाळेतल्या पोराला कळेल. लेप नसलेल्या काचेचा एकेक पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परतवून लावतो. साधा एकपदरी लेप दिला तर दीडेक टक्का, चांगला बहुपदरी दिला तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. दहा गटांत काचा मांडलेली झूम घ्या, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग झाले वीस. दर पृष्ठभागाला दीड टक्का कापत वीस वेळा जा: चौथा हिस्सा उजेड वाटेतच गळला! आणि गळलेला सगळा बाहेर जात नाही. त्यातला काही आतल्या आत आपटत फिरतो आणि शेवटी सेन्सरवर जिथे काळं असायला हवं तिथे राखाडी होऊन बसतो. शालूचा काठ फिका, केसांवर धूर, सासूबाईंच्या मागे खिडकी असेल तर त्यांच्याभोवती तेजोवलय. बाकी सगळं सोडा, ते तेजोवलय सासूबाईंना फार आवडलं, आणि तिथेच आमची बाजू पडली.

खोडी आणखीही आहेत. ही लेन्स एकाच रिंगची. फिरवली की फोकस, पुढे-मागे ओढली की झूम. नवी होती तेव्हा ओढायला जोर लागत असेल. आता आतली पकड गेलीय. कॅमेरा गळ्यात लटकवून भाऊजी चालायला लागले की नळी आपोआप घसरते आणि पोटाच्या खाली जाऊन डुलते. वरून ताटाचा फोटो काढायला वाकले तर पुरणपोळीपर्यंत पोचायच्या आत झूम बदललेली. त्यावर उपाय म्हणून दीड-दोन लाखांच्या कॅमेऱ्यावरच्या त्या लेन्सला कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड लावलाय. हिरवा.

बाजाराचं विचाराल तर त्यानेही कधीच कान टवकारलेत. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारात, पुण्यात रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात, जिथे या लेन्स रेडिओच्या कव्हराखाली पडलेल्या असायच्या, तिथे आता विक्रेता तुमच्या हातातला मोबाइल बघून आधीच ओळखतो की तुम्ही नंबर शोधताय. "साहेब, बावीस आहे, बावीस!" पूर्वी झूमला गिऱ्हाईक नसायचं म्हणून ती फ्लॅशबरोबर फुकटात द्यायचे. आता फ्लॅश फुकट. (तो मात्र घेऊ नका बाई. त्या काळच्या काही फ्लॅशच्या टोकांवर दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असायचा. तो नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तर कॅमेरा जळू शकतो, आणि मग त्याला कॅरेक्टर म्हणता येत नाही.) ज्यांना इथे मिळत नाही ते जपानमधून मागवतात. तिकडचे विक्रेते वस्तूच्या नावापुढे उत्तम, अत्युत्तम आणि वर चार-पाच अधिकची चिन्हं लावतात, आणि खाली बारीक अक्षरांत लिहितात: आत किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही.

आता बुरशी! कोकणात, मुंबईत, ठाण्यात चार पावसाळे काढलेली काच बुरशीशिवाय असेल तर तिची आरतीच करायला हवी. झूममध्ये काचा जास्त, फटी जास्त, आणि दर वेळी नळी ओढली की बाहेरची दमट हवा आत. हवा जाते तशी धूळही जाते. बुरशीचे पांढरे धागे काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात. थोडे असतील तर फोटोत खरंच दिसत नाहीत, फक्त चित्राचा कस उतरतो. फार दिवस राहिले तर लेप खाऊन टाकतात. म्हणून भाऊजींनी ड्राय कॅबिनेट आणलंय. काचेचं दार, आत दिवा, बाहेर आकडा: ओलावा 45 टक्के. घरात त्या दिवशी 88 होता. जाऊबाईंचं म्हणणं, पापड चामट होतात, लोणच्याला बुरा येतो, मुलाचे बूट हिरवे पडतात, आणि या घरात कोरड्या हवेत कोण राहतं, तर विव्हिटार. त्यांनी एकदा हळूच खालच्या खणात पापडाचा डबा ठेवून पाहिला. रात्री झडती झाली.

दादरला स्टुडिओ असलेले एक काका आहेत आमच्या ओळखीचे. ऐंशीच्या दशकात आमच्या घरातली दोन लग्नं त्यांनीच केली, फोटोतली म्हणते. त्यांच्याकडे हीच लेन्स होती. नात्यातलं कुणी परदेशातून येताना घेऊन आलं होतं, कारण इथे कॅमेऱ्याच्या सामानावरची ड्यूटी परवडायची नाही. भाऊजी मोठ्या भक्तिभावाने त्यांना आपली दाखवायला घेऊन गेले. काकांनी हातात घेतली, एकदा पुढे-मागे ओढली, डोळ्याला न लावताच परत दिली. म्हणाले, "अरे, छत्तीस फोटोंचा रोल असायचा. त्यातले पाच हलले तर मुलीचा बाप पैसे कापायचा. ऑटोफोकस आला त्या दिवाळीत मी ही विकली आणि पेढे वाटले." भाऊजींनी विचारलं, कुणाला विकली, नंबर आठवतो का. काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "याला चहा जरा कडक दे."

पण एक सांगते, आणि हे माझ्या नावावर खपवू नका. त्या लेन्समध्ये काहीतरी आहे. एका दुपारी भाऊजी झोपले होते आणि कॅमेरा टेबलावर होता. उचलला. डाव्या तळहातात ती नळी धरली आणि आधी 210 वर जाऊन समोरच्या गच्चीवरच्या टाकीवरच्या कावळ्याच्या चोचीवर फोकस धरला, रिंग फिरवत, रेघा लाल होईपर्यंत. मग रिंग न फिरवता नळी हलवली, 210 वरून 70 वर. या जुन्या झूममध्ये बहुतेकांची बांधणीच अशी की झूम बदलली तरी फोकस जागचा हलत नाही. आजच्या कितीतरी महागड्या झूम ही पथ्यं पाळत नाहीत. ऑटोफोकस आहे म्हटल्यावर झूम केली की ती पुन्हा फोकस करून घेते, कोणाला कळतंय! नळीवर पांढऱ्या-पिवळ्या-हिरव्या बाकदार रेघा रंगवलेल्या असतात, कितव्या ॲपर्चरला किती खोलवर स्पष्ट येईल हे सांगणाऱ्या. नळी 70 कडे नेली की त्या रेघा पसरत जातात, 210 कडे नेली की मिटत येतात. बॅटरी नाही, पडदा नाही, आणि लेन्स सगळं सांगतेय. मी तो कावळा दहा-बारा वेळा जवळ आणला आणि लांब नेला. एक हात, एक हालचाल.

फक्त टाकी 70 वर येईपर्यंत धुरकट व्हायची. मी म्हटलं, बावीसवाल्यांची एवढी ख्याती आणि फोकस तर सुटतोय! रात्री जेवताना सहज, अगदी सहज विषय काढला. भाऊजींनी घास खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही लावून बघितलीत?" मी म्हटलं, छे, असंच विचारलं. मग कळलं की दोष लेन्सचा नाही, हवेचा आहे, म्हणजे त्या पोकळ नळीचा. स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात. लांब झाला तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होणार नाही आणि गिऱ्हाईक परत आणून देईल. आखूड झाला तर डोंगराचा फोकस रिंगच्या खुणेच्या थोडा अलीकडे येतो, कुणाच्या लक्षात येत नाही. प्राइमवाल्यांना त्याने फरक पडत नाही. पण झूमची सगळी गणितं त्या 46.5 किंवा 42 वर बांधलेली. केसभर चुकलं की 210 वर धरलेला फोकस 70 वर सुटला.

"मग?" जाऊबाई म्हणाल्या.

मग काय, अचूक मापाचा दुसरा अडॅप्टर मागवायचा. जर्मन. हवा तीच, पण मोजून भरलेली. किंमत ऐकून सासूबाईंनी विचारलं की एवढ्या पैशांत आपली नवी लेन्स आली नसती का, तेव्हा भाऊजींनी त्यांना त्यांचा तेजोवलयाचा फोटो दाखवला. अडॅप्टर मंजूर झाला.

आणि ताजी खबर ही की प्रकरण इथे थांबलेलं नाही. लेन्स ज्याच्याकडून आली तो ती सुटी द्यायला तयार नव्हता. तिच्यामागे तिची मूळची बॉडी होती, फिल्मची, तीही घ्यावी लागली. ती इतके दिवस लोकरीच्या कपड्यांच्या बॅगेत पडून होती. काल जाऊबाईंचा फोन. भाऊजींनी ती बॉडी बाहेर काढलीय, तिच्या बुडाची झाकणी नाण्याने उघडून आत बटणासारखे दोन सेल बसवलेत, आणि सकाळपासून ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून विचारतायत की रोल कुठे मिळतो आणि हल्ली तो धुऊन कोण देतं.

दादरच्या काकांनी तर फोनच उचलला नाही म्हणे.